मामांच्या अंथरुणातलं पीठ

डोनट हा पदार्थ मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. खायला बरा लागतो, ती गोष्ट वेगळी. करायला अत्यंत नाठाळ आहे. चकली बिघडली तर का बिघडली ते निदान कळतं. मोहन कमी पडलं, भाजणी जुनी होती, काहीतरी कारण हाताला लागतं. डोनटचं पीठ फुगलं नाही तर ते नुसतं आपल्याकडं बघत बसतं. आणि तरीही गारखेड्यातल्या आमच्या घरात कितीतरी वर्षं दिवाळीच्या पाडव्याला डोनट होत आले. चिवडा एखाद्या वर्षी खारट झाला तर चालायचं, करंज्या विकत आणल्या तरी चालायचं. डोनट मात्र घरीच, आणि पाडव्यालाच.

ही करणी माझ्या सासूबाईंची. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे आणि सासऱ्यांना मामा म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे. माझी मुलगी लहान असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला डोनट खाऊन आली आणि त्यानंतर तेच मागत बसली. आत्याबाईंनी एक विकतचा आणायला लावला, मधून फोडला, वास घेतला आणि म्हणाल्या, "ह्यात काय हाय मोठं? गोड पाव तळलाय." लगेच पदर खोचून समोरच्या आपांकडं गेल्या. आपा म्हणजे आमच्या गल्लीत समोरच्या घरात राहणाऱ्या मुसलमान शेजारीण. त्यांच्या माहेरी बेकरी होती. खमीर कसं उठवायचं ते त्यांच्याकडून शिकून आल्या. यीस्टला आत्याबाई शेवटपर्यंत खमीरच म्हणाल्या. स्टीलच्या पेल्यानं गोल कापायचा आणि खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मधलं भोक पाडायचं, हे मात्र त्यांचं स्वतःचं डोकं. ते टोपण अजून आमच्या चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे.

डोकं त्यांचं आणि मळणं माझं. मैदा चाळा, दूध कोमट करा, त्यात साखर आणि खमीर टाकून फेस येईस्तोवर थांबा, मग लोणी घालून हात गळून पडेपर्यंत मळा. आत्याबाई बाजूला स्टुलावर बसून बोटानं पीठ दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून." मी मळायची. "अजून थोडं." तेही एक वेळ सोसलं असतं. पण त्यापुढं जे व्हायचं त्यानं माझं डोकं फिरायचं.

पीठ मळून झालं की त्या ते मोठ्या पातेल्यात घालायच्या, वर ओलं फडकं टाकायच्या आणि पातेलं कडेवर घेऊन मामांच्या खोलीत जायच्या. मामा तेव्हा अंथरुणात असायचे. सणाच्या दिवशी सगळं घर पहाटेपासून पळत असलं तरी मामा निवांत, गोधडी नाकापर्यंत. आत्याबाई उंबऱ्यातनंच म्हणायच्या, "आवो, उठा. पीठ निजवायचंय."

पीठ निजवायचं म्हणजे मामांच्या अंथरुणात, त्यांच्या अंगानं उबदार झालेल्या जागेत पातेलं ठेवायचं आणि वरून त्यांचीच गोधडी पांघरायची. खमीर म्हणजे तान्हं लेकरू, त्याला माणसाची ऊब पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मामा कुरकुरायचे. "दुसरी जागा नाय का तुझ्या पिठाला?" म्हणायचे. "नाय," म्हणायच्या. मग मामा उठायचे, टोपी घालायचे, पायात चपला सरकवून बाहेर पडायचे आणि कोपऱ्यावरच्या मैदानात त्यांच्या रिटायर दोस्तमंडळीत जाऊन बसायचे. येताना कुणी न सांगितलेलं काहीतरी घेऊन यायचे. एका वर्षी पेरू, एका वर्षी खराटा, एका वर्षी भिंतीवरचं घड्याळ, जे कधीच बरोबर चाललं नाही.

आणि माझ्या वाट्याला काय? पाडव्याच्या दिवशी पिठाचे डाग पडलेल्या चादरी. पातेल्यातनं पीठ उतू जायचं, फडक्यातनं वर यायचं आणि गोधडीला चिकटायचं. दारात रांगोळी, गॅसवर तळण, पाहुणे दाराशी, आणि मी बाथरूममध्ये चादरीवरचं वाळलेलं पीठ नखानं खरवडतेय. मी एकदा म्हटलंही, "आत्याबाई, ओट्यावर ठेवू या ना, झाकून." त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जशी काही मी लेकराला उघड्यावर निजवायला निघालेय. पुन्हा तो विषय काढला नाही. चादरी धुतल्या.

ह्या वर्षी उन्हाळ्यात आत्याबाई गेल्या. फार दुखणं झालं नाही. ताप आला, तो छातीत उतरला आणि आठवडा पुरा व्हायच्या आत सगळं संपलं.

तेव्हापासून मामांनी अंथरूण धरलं. आजारी म्हणावं तर आजारी नाहीत. डॉक्टरांनी सगळं तपासलं, रिपोर्ट बघितले आणि आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की साखर जुनीच आहे, बाकी ह्यांना काहीही झालेलं नाही, पण असेच पडून राहिले तर पाय आखडतील, आणि ह्या वयात एकदा आखडलेले पाय परत सुटत नाहीत. थंडीच्या आत चालायला लावा म्हणाले. हा माणूस पाटबंधारे खात्यात होता. सगळी नोकरी पैठणकडच्या कालव्यांच्या कडेनं पायी फिरण्यात गेली. त्यांच्या बरोबरीचे लोक मोटारसायकलवर जायचे तेव्हा हे चालत जायचे आणि वर त्यांनाच आळशी म्हणायचे. आता त्यांना न्हाणीघरापर्यंत न्यायचं तर माझे हे एका बाजूनं धरायचे आणि मी दुसऱ्या बाजूनं.

आम्ही काय काय केलं नाही. यांनी भाषणं दिली. मी चहा मुद्दाम ओसरीत ठेवून हाक मारायची, "मामा, चहा बाहेर ठेवलाय." आतून आवाज यायचा, "व्हय, आलो." चहा गार. मी परत गरम करायची, "मामा, बाहेर छान ऊन आलंय." "व्हय, येतो की." चहा परत गार. शेवटी मीच कप आत नेऊन द्यायची. चिडून बोलावं तर सासरे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी त्यांना कधी उठा बसा म्हटलेलं नाही; अजून त्यांच्यासमोर खुर्चीत बसायची तर जरा कडेला बसते. नुसती हात चोळत बसायची. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काही नाही. एकदा मैदानातले दोघं म्हातारे त्यांना भेटायला आले. मामांनी त्यांना पलंगाशेजारी बसवलं, चहा पाजला आणि उशीवर डोकं ठेवूनच निरोप दिला. ते दोघं जाताना मला म्हणाले, "सूनबाई, बघा काहीतरी." मी काय बघणार होते?

दिवाळी जवळ आली तसं आणखी एक लागलं. वर्षाच्या आत माणूस गेलेल्या घरात दिवाळीला कढई चढत नाही, हे आमच्याकडं लहान लेकरालाही माहीत असतं. तळण करायचं नाही. फराळ नातेवाईक आणून देतात. माझी थोरली नणंद सिल्लोडला असते, मी तिला आक्का म्हणते. तिनं फोन करून बजावलं, "कढई चढवू नको. माझा फराळ येतोय." तिचा आला, माझ्या माहेरचा आला, चुलत सासूबाईंचा आला, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आला. टेबलावर जागा उरली नाही. पाच घरांचा पाच चवींचा चिवडा, आणि खाणारं कुणी नाही.

मुलगी पुण्याहून सुट्टीला आली. बॅग टाकली, टेबलाकडं बघितलं आणि म्हणाली, "डोनट?"

मी म्हटलं, "कढई चढत नाही ह्या वर्षी."

"एअरफ्रायरमध्ये करू. ती कुठं कढई आहे?"

"तुझ्या आत्याला विचार."

तिनं खरंच विचारलं. आक्कानं फोनवर एअरफ्रायर म्हणजे काय ते सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "पदार्थ तळणाचा हाय ना? मग भांडं कुठलं बी असू दे." विषय संपला. मुलगी तोंड फुगवून आजोबांच्या खोलीत जाऊन बसली.

मी ओट्यापाशी उभी राहून भांडी पुसत होते. पाडवा, डोनट, पातेलं असं डोक्यात फिरत होतं आणि फिरता फिरता ते मामांच्या पलंगापाशी येऊन थांबलं. ह्या माणसाला भाषणानं, चहानं, उन्हानं, दोस्तांनी कुणी उठवलं नाही. पण पिठासाठी ते दरवर्षी उठले होते. कुरकुरले होते, पण उठले होते.

आता डोनट मला पाहिजे होते. गंमत बघा.

मी स्वतः आक्काला फोन लावला. नीट सांगितलं. मामांचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. तिनं मामा चालतात किती ते विचारलं. मग म्हणाली, "पीठ मळ. पिठाला कुणी नाय म्हटलेलं नाय. पण आपल्या गॅसवर कढई नाय चढायची."

"मग तळू कुठं?"

"ते तुझं तू बघ."

बघितलं. आपांकडं गेले. त्या गेटपाशी भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उसमें क्या है? हमारे यहाँ तल लेव. कढई तुमची आण, तेल तुमचं आण, गॅस माझा. तेरी सास को मैंने ही तो सिखाया था." मग डोळे पुसले आणि परत मेथी निवडायला लागल्या.

पाडव्याची सकाळ. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. घरात कुणी तो विषय काढला नाही, माझं ओवाळणंही मी हळूच आतल्या खोलीत उरकलं. मग मुलगी आणि मी पिठाला लागलो. मी म्हटलं दूध मी तापवते, तर नाही, ती तापवणार. तिनं मोबाइलवर बघून तापवलं. माझ्या बोटाला ते चांगलंच कढत लागलं. "अगं, खमीर मरेल," म्हटलं. "काही नाही होत, आई." खमीर टाकलं, थांबलो, फेस आला नाही. दोन-चार बुडबुडे आले आणि गप्प. तरी तिनं मैदा ओतला आणि मळलं. झालेला गोळा हातात जड लागत होता, त्यात काही जीव नव्हता. मी तिला नको नको ते बोलले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. तो गोळा एका डब्यात टाकला, वर ताटली झाकली, ओट्याच्या कोपऱ्यात सारला आणि दुसरं पीठ भिजवायला घेतलं. ह्या वेळी दूध मी तापवलं. मळलंही मीच. मनात आत्याबाई स्टुलावर बसून "अजून" म्हणतच होत्या, म्हणून अजून मळलं.

पीठ पातेल्यात घातलं, फडकं टाकलं, पातेलं कडेवर घेतलं आणि दारात रिक्षा थांबली. आक्का. दुसऱ्या दिवशीची भाऊबीज होती म्हणून एक दिवस आधीच आली होती, हातात आणखी एक फराळाचा डबा. तिनं डबा माझ्या हातात द्यायला बघितला, माझे हात भरलेले. मग टेबलावर कसाबसा टेकवला आणि सरळ मामांच्या खोलीत गेली. मी मागं मागं. बघते तर ही बाई पलंगाच्या कडेवर बसलेली, मामांचे पाय चेपतेय.

"दादा, लई वाळलात," ती म्हणाली. बापाला ती दादाच म्हणते. "काय खात नाय का?"

"खातो की," मामा म्हणाले.

मी उंबऱ्यात उभी. पातेलं जड, फडक्याचं पाणी हातावर ओघळतंय. मला वाटलं होतं की दारात पातेलं दिसलं की मामांना आपोआप कळेल. मामांनी पातेल्याकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं. 

"मामा," मी म्हटलं. "जरा... ते पीठ..."

"हं?"

"पीठ होतं. ठेवायचं होतं."

"ठेव की."

"इथं ठेवायचं होतं."

आक्कानं मान वळवली. "आत्ता? मी बसलेय ना इथं. अन् दादांना कशाला उठवतेस? बघ जरा त्यांच्याकडं. ओट्यावर ठेव झाकून."

फोनवर सगळं समजावून सांगितलेलं. सगळं कबूल केलेलं. आणि आता ऐन वेळी बापाचे पाय बघून हिचं काळीज विरघळलं. आणि बोलली काय, तर ओट्यावर ठेव. मी जे इतक्या वर्षांमागं बोलले होते आणि गप्प बसवली गेले होते, ते आता ही मला सांगत होती. माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. गार झालेले सगळे चहा आठवले, यांची भाषणं आठवली, डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलेलं आठवलं. मी पातेलं कडेवर वर सरकवलं आणि म्हटलं, "उठा. पीठ निजवायचंय."

आवाज माझाच होता, पण इतका चढलेला मी तो त्या खोलीत कधी काढला नव्हता. आक्काचा हात थांबला. मुलगी माझ्यामागं येऊन उभी राहिली होती.  आता ह्यांना काय वाटलं असेल, सून डोक्यावर बसली असं वाटलं असेल.

मामांनी माझ्याकडं बघितलं. 

"दुसरी जागा नाय का तुझ्या पिठाला?" ते म्हणाले.

"नाय," मी म्हटलं.

त्यांनी गोधडी बाजूला सारली. आधी एक पाय खाली सोडला, मग दुसरा. आक्का धरायला वाकली, तिला हातानं बाजूला केलं. पलंगाचा कठडा धरून उभे राहिले. पाय लटपटत होते, पायजमा हलताना दिसत होता. भिंत धरली, मग कपाट धरलं, मग दाराची चौकट. माझ्याजवळनं जाताना म्हणाले, "टोपी कुठाय?"

टोपी कुठं होती कुणास ठाऊक. उन्हाळ्यापासून कुणी बघितली नव्हती. मुलीनं धावत जाऊन कपाट उपसलं आणि शोधून आणली. मामांनी ती घातली आणि ओसरीतल्या खुर्चीत जाऊन बसले. समोरनं आपांचा आवाज आला, "चाचा, आज बाहेर?" मामांनी नुसता हात वर केला.

मी पातेलं अंथरुणात ठेवायला वाकले. आक्का डोळे पुसत उभी होती. ती म्हणाली, "पायथ्याला नको ठेवू. मधी ठेव. आईचं मधी असायचं." आणि तिनंच गोधडी ओढून चारी बाजूंनी खोचली. मग बाहेर जाऊन बापाशेजारी जमिनीवर बसली. 

इतकं झाल्यावर माणसाला वाटतं की आता तरी सगळं सुरळीत होईल. मुलगी स्वयंपाकघरातनं ओरडली. जाऊन बघते तर ओट्याच्या कोपऱ्यातल्या डब्यावरची ताटली तिरकी झालेली आणि तिच्या कडेनं पीठ बाहेर आलेलं. तेच, कढत दुधाचं, मेलेलं म्हणून टाकून दिलेलं. तिनं त्यात बोट घातलं, पीठ भस्सकन खाली बसलं आणि आतनं जाळी दिसली. इतकी सुंदर जाळी मी आत्याबाईंच्या पिठालाही बघितली नव्हती.

"आई," ती म्हणाली, "हे तर ओट्यावरच फुगलं."

"दिसतंय मला."

"म्हणजे आजोबांच्या अंथरुणाची गरजच नव्हती."

मी तिला म्हटलं, "तू आता तोंड बंद ठेव आणि लाटायला घे."

अंथरुणातलंही फुगून वर आल्यावर दोन्ही पिठांचे गोल कापले, औषधाच्या टोपणानं भोकं पाडली आणि आमची वरात निघाली. पुढं मी कढई घेऊन, मागं मुलगी परात घेऊन. आपांनी गॅस रिकामा करून ठेवला होता. तेल तापलं. आक्का आमच्या गेटपाशी उभी राहून लांबून बघत होती. कढई आपलीच दुसऱ्याच्या गॅसवर चढवलेली चालते का, ह्याचा तिचा अजून निकाल लागला नसावा. पण पहिला घाणा जरा लाल झाला तेव्हा तिला राहवलं नाही. गल्ली ओलांडून आली आणि म्हणाली, "आच कमी कर, आतून कच्चे राहतील." आणि झारा माझ्या हातातनं घेतला. पुढचे सगळे घाणे तिनंच तळले. आपांनी तिला स्टूल दिलं.

वेलदोड्याच्या पिठीसाखरेत घोळून एक डोनट मी बशीत घालून मामांकडं नेला. ते अजून खुर्चीतच होते. उन्हाचा तुकडा त्यांच्या पायावर आला होता. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"साखर कमी हाय," म्हणाले.

"तुम्हाला साखर आहे, म्हणून."

"तिच्या हातचा गोड असायचा."

मी जायला वळले तर म्हणाले, "ओट्यावरचं बी फुगलं म्हणं."

मुलीला मी गप्प राहा म्हटलं होतं. ती कसली गप्प राहतेय.

"व्हय," मी म्हटलं. "फुगलं."

"फुगतंच ते. एवढी गरमी असती आपल्याकडं. कुठं बी ठेव, फुगतंय."

मी परत वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी कळलं. तिलाबी ठाऊक होतं."

"मग तुम्ही उठायचात कशाला, मामा?"

त्यांनी बोटांवरची साखर पायजम्याला पुसली. चादरींसारखाच आता पायजमाही मलाच धुवायचा, हे तेवढ्यातही माझ्या मनात आलं. ते म्हणाले, "सणाच्या दिशी मी लोळत पडलो की तिला राग यायचा. उठा म्हणून सांगून बघितलं तिनं. मी काय ऐकतोय? मग पीठ आणून उभी राहायला लागली." बशी बाजूला ठेवली. "तुम्ही सगळे उठा म्हणता. तुम्हाला बरं वाटंल म्हणता. मला बरं वाटून काय करायचंय? तिला जागा पाहिजे असायची."

मला रडू आलं आणि त्याचवेळी भयंकर संताप आला. दोघांचाही. दोघांना ठाऊक होतं, आणि दर पाडव्याला चादरी खरवडत कोण बसायचं? मी. सगळं घर नटूनथटून फिरतंय आणि मी बाथरूममध्ये. एकानं तरी मला सांगायचं होतं. मी बशी उचलली आणि आत गेले आणि सिंकचा नळ मोठा सोडून उभी राहिले.

भाऊबीज झाली, आक्का गेली. सुट्टी संपली, मुलगी पुण्याला गेली. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा परत अंथरुणात. गोधडी नाकापर्यंत. मी ओसरीत चहा ठेवून हाक मारली. "व्हय, आलो." कपावर साय धरली.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हेच. मी स्वयंपाकघरात गेले. मोठं पातेलं काढलं. मैदा भिजवायला माझ्याकडं वेळ नव्हता, मला यांचा डबा करायचा होता. तसंच रिकामं पातेलं घेतलं, त्यावर ओलं फडकं टाकलं, कडेवर घेतलं आणि मामांच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिले.

"उठा," मी म्हटलं. "पीठ निजवायचंय."

मामांनी पातेल्याकडं बघितलं. त्यांना कळलं. भरलेलं पातेलं कडेवर कसं दिसतं आणि रिकामं कसं दिसतं, हे त्या माणसानं इतकी वर्षं बघितलेलं आहे.

"आज बी?" ते म्हणाले.

"आज बी."

"दुसरी जागा नाय का?"

"नाय."

आता हे रोजचं झालंय. माझ्या सकाळच्या गडबडीत हे एक आणखी. पोळ्या टाकायच्या मध्येच तव्याखालचा गॅस बारीक करायचा, फडकं ओलं करायचं, पातेलं घेऊन जायचं, तेच चार शब्द बोलायचे, तीच कुरकुर ऐकायची. चादर ओली होते ती वेगळीच. मामा आधी ओसरीपर्यंत जायचे, मग गेटपर्यंत, आता भिंती धरत नाहीत, कोपऱ्यावरच्या मैदानापर्यंत जाऊन येतात. परवा येताना खराटा घेऊन आले. घरात आधीचेच दोन खराटे पडून आहेत. सांगितलं कुणी होतं, विचारलं तर म्हणाले, "बरा दिसला."

एवढंच की बाहेर पडताना ते टोपी घालतात, चपला सरकवतात आणि दारातनं परत मागं येतात. रिकाम्या पातेल्यावर गोधडी नीट ओढतात, चारी बाजूंनी खोचतात, आणि मग जातात.